आयडीएल फाईल हातात आलीये, आता तिच्यासाठी टूल कसं शोधायचं?

नवीन प्रोजेक्टवर गेलात की कोणीतरी एक फोल्डर देतं, त्यात पंचवीस-तीस डॉट आयडीएल नाहीतर डॉट प्रोटो फाईली असतात, आणि सांगितलं जातं की यातून पायथनचा क्लायंट बनव. मग आपण सर्च करायला बसतो आणि शंभर टूल समोर येतात, त्यातली निम्मी दहा वर्षांपूर्वी बंद पडलेली आणि उरलेली भलत्याच आयडीएलसाठी. हा लेख त्या वेळेसाठी आहे. आयडीएल म्हणजे इंटरफेस डिस्क्रिप्शन लँग्वेज, दोन प्रोग्राम एकमेकांशी काय बोलणार, कुठलं फंक्शन, कुठले पॅरामीटर, कुठलं स्ट्रक्चर, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ती फाईल स्वतः रन होत नाही, तिच्यातून कोड काढणारं किंवा तिला वाचून काहीतरी करणारं टूल लागतंच.

माझं म्हणणं सरळ आहे, सर्च बॉक्सला हात लावायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. आपली फाईल कुठल्या बोलीतली आहे, आणि आपल्याला तिच्यातून काय हवंय. ही दोन उत्तरं मिळाली की शंभरातली दोन-तीनच टूल उरतात आणि मग निवडणं खूप सोपं जातं.

आधी फाईल उघडा आणि नीट वाचा

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका. डॉट आयडीएल हे एकच एक्स्टेन्शन निदान तीन वेगवेगळ्या भाषा वापरतात आणि एकीचं टूल दुसरीची फाईल वाचू शकत नाही, पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर देतं आणि नवीन माणसाला वाटतं की फाईलच खराब आहे.

सुरुवातीला हॅश इन्क्लूडच्या ओळी, मग मॉड्यूल, त्याच्या आत इंटरफेस किंवा स्ट्रक्ट, आणि प्रत्येक पॅरामीटरच्या आधी इन, आउट किंवा इनआउट असं दिसलं तर ती ओएमजीची (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप, मानकं ठरवणारी संस्था) आयडीएल आहे, म्हणजे कॉर्बा (नेटवर्कवरच्या ऑब्जेक्टना कॉल करायचं मानक) किंवा डीडीएस (पब्लिश-सबस्क्राइब पद्धतीने डेटा पाठवायचं मानक) यांच्या घराण्यातली. इंटरफेसच्या डोक्यावर चौकोनी कंसात ऑब्जेक्ट, यूयूआयडी आणि एक लांबलचक हेक्स नंबर असेल, वर इम्पोर्ट करून अननोन डॉट आयडीएलसारखी फाईल ओढलेली असेल (तिच्या स्पेलिंगमधला ओ गाळलेला असतो, बघताच ओळखाल), तर ती मायक्रोसॉफ्टची मिडल, म्हणजे कॉम (विंडोजची कंपोनंट जोडायची पद्धत) किंवा डीसीई आरपीसीवाली (आरपीसी म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावणं). आणि चौकोनी कंसात एक्स्पोज्ड इक्वल टू विंडो असं लिहिलेलं असेल, आत रीडओन्ली अ‍ॅट्रिब्यूट, डीओएमस्ट्रिंग, प्रॉमिस वगैरे असेल तर ती वेब आयडीएल, ब्राउझरचे एपीआय जिच्यात लिहितात ती.

बाकीच्या ओळखायला सोप्या आहेत. डॉट प्रोटोमध्ये वर सिंटॅक्सची किंवा नव्या फाईलींमध्ये एडिशनची ओळ असते आणि प्रत्येक फील्डच्या शेवटी इक्वल टू करून नंबर. डॉट थ्रिफ्टमध्ये नंबर आधी येतो, मग कोलन, मग टाईप. डॉट एफबीएस म्हणजे फ्लॅटबफर्स, डॉट एव्हीडीएल म्हणजे एव्हरो, डॉट एआयडीएल म्हणजे अँड्रॉइड, आणि नुसता डॉट एक्स असेल आणि आत प्रोग्राम, व्हर्जन आणि नंबर असतील तर ती सनच्या जुन्या आरपीसीची भाषा, तिला आरपीसीजेन लागतं.

एक गोष्ट सर्च करणाऱ्याला हमखास आडवी येते. आयडीएल नावाची एक वेगळीच प्रोग्रॅमिंग लँग्वेज आहे, इंटरॅक्टिव्ह डेटा लँग्वेज, खगोलशास्त्रात आणि उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारे लोक ती वापरतात. तिचा आपल्याशी काही संबंध नाही पण नुसतं आयडीएल पार्सर टाकलं की तिचेही रिझल्ट येतात, डॉट प्रो एक्स्टेन्शनच्या फाईली दिसल्या की समजायचं आपण चुकीच्या गावात आलोय आणि मागे फिरायचं.

मग ठरवा की नेमकं काय हवंय

आयडीएलचं टूल म्हटलं की सगळ्यांना कोड जनरेटर आठवतो, म्हणजे क्लायंटकडचा स्टब आणि सर्व्हरकडचं स्केलेटन काढून देणारा कंपायलर. पण तुमचं काम कदाचित ते नसेलच. कोणाला सगळ्या इंटरफेसची एक यादी काढून डॉक्युमेंटेशन बनवायचं असतं. कोणाला जुन्या आणि नव्या व्हर्जनमध्ये काय तुटलं ते बघायचं असतं, कोणाला एका आयडीएलमधून दुसऱ्या आयडीएलमध्ये जायचं असतं, कोणाला नेटवर्कवरचे पॅकेट उलगडून बघायचे असतात. या प्रत्येकाला लागणारं टूल वेगळं.

कोड जनरेटर हवा असेल तर आणखी एक प्रश्न लगेच विचारा, की जनरेट झालेला कोड कुठल्या रनटाईम लायब्ररीवर चालणार. कारण स्टब एकटा काही करत नाही, त्याला खाली ती लायब्ररी लागते आणि ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये कायमची येऊन बसते. टूलचं लायसन्स आणि लायब्ररीचं लायसन्स वेगळं असू शकतं, उदाहरणार्थ कॉर्बासाठीच्या ओम्नीओआरबीमध्ये टूल जीपीएलखाली आहेत आणि लायब्ररी एलजीपीएलखाली, त्यामुळे दोन्ही वाचा.

नुसतं वाचायचं असेल, म्हणजे फाईल पार्स करून तिचं ट्री हातात हवं असेल, तर स्वतःचा पार्सर लिहायचा मोह होतो, रेग्युलर एक्स्प्रेशन लावून दोन तासांत होईल असं वाटतं. कृपा करून नको. इन्क्लूड, टाईपडेफ, आधी फक्त नाव जाहीर करून नंतर लिहिलेला इंटरफेस, एकच मॉड्यूल तीन फाईलींमध्ये तुकड्या-तुकड्याने उघडलेलं, हे सगळं खऱ्या फाईलींमध्ये असतं आणि रेग्युलर एक्स्प्रेशन तिथे कोसळतं. जवळपास प्रत्येक बोलीला तयार पार्सर आहे, तो शोधायला त्यापेक्षा कमीच वेळ लागतो.

शोधायचं कुठे

यातली गंमत अशी की चांगली आयडीएल टूल बहुतेक वेळा स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून नसतात, ती एखाद्या मोठ्या प्रोजेक्टच्या पोटात असतात. सांबाच्या (लिनक्सवरून विंडोजचं फाईल शेअरिंग) सोर्समध्ये पिडल आहे, वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) विडल आहे, ओम्नीओआरबीमध्ये ओम्नीआयडीएल आहे. म्हणून सर्च करताना (अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने) आयडीएल टूल असं मोघम टाकण्यापेक्षा ही बोली कोणकोणते मोठे प्रोजेक्ट वापरतात ते आधी शोधा आणि त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये डोकवा, कुठला कंपायलर बोलावला जातो ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. रोज हजारो लोकांच्या बिल्डमध्ये चालणारं टूल आहे म्हटल्यावर ते जिवंत असणारच, गिटहबचे स्टार मोजण्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे.

शब्दही बदलून बघा. स्टब कंपायलर, बाइंडिंग जनरेटर, स्कीमा कंपायलर, डिसेक्टर (पॅकेट उलगडणारा), ग्रामर, लिंटर (चुका दाखवणारा), यातला प्रत्येक शब्द वेगळे रिझल्ट आणतो.

लिनक्सवर असाल तर पॅकेज मॅनेजरची यादी ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे, कारण तिथे कोणीतरी आधीच ते बिल्ड करून, तपासून ठेवलेलं असतं. डेबियन आणि उबुंटूवर प्रोटोबफ-कंपायलर, थ्रिफ्ट-कंपायलर, फ्लॅटबफर्स-कंपायलर, ओम्नीआयडीएल ही पॅकेज थेट मिळतात. कधीकधी नाव भलतंच असतं, विडल हवं असेल तर ते मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-टूल्समध्ये आहे आणि आरपीसीजेन आता आरपीसीएसव्हीसी-प्रोटो नावाच्या पॅकेजमध्ये, म्हणून पॅकेजच्या नावावर न शोधता आतल्या फाईलच्या नावावर शोधायची सोय असते ती वापरा, एपीटी-फाईल त्यासाठीच आहे. लायब्ररी म्हणून पार्सर हवा असेल तर एनपीएम, पीवायपीआय, मेव्हन सेंट्रल, क्रेट्स डॉट आयओ. आणि अँटलर या पार्सर बनवणाऱ्या टूलच्या ग्रामर्स-व्ही४ नावाच्या रिपॉझिटरीत ओएमजी आयडीएल, प्रोटोबफ, थ्रिफ्ट अशांची तयार ग्रामर ठेवलेली आहेत, त्यातून जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा कुठल्याही भाषेत पार्सर काढता येतो. फक्त लक्षात ठेवा की ग्रामर म्हणजे सिंटॅक्सपुरतं, नावं कुठे जोडली जातात, इन्क्लूड कसे सोडवायचे, हे सगळं तुमच्या अंगावर येतं.

कॉर्बा आणि डीडीएसवाल्यांसाठी जरा सविस्तर

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जास्त लिहितोय. कॉर्बाचं पहिलं व्हर्जन १९९१ चं, त्यामुळे या भाषेत तीन दशकांचे थर आहेत. आता चालू असलेलं आयडीएल ४.२ हे २०१८ मध्ये आलं आणि ते कॉर्बापासून वेगळं केलेलं स्वतंत्र स्पेसिफिकेशन आहे, ओएमजीच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. त्यातला ग्रामरचा भाग एकदा चाळाच.

जावावाल्यांनी आधी हे बघा. पूर्वी जेडीकेसोबतच आयडीएलजे नावाचं टूल यायचं, जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ ला, कॉर्बाचं मॉड्यूलच काढून टाकलं आणि आयडीएलजेही गेलं. जुनं ट्युटोरियल बघून कमांड मारता आणि कमांड नॉट फाउंड येतं ते यामुळे, तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये काही बिघडलेलं नाही. आता जॅकओआरबी किंवा ग्लासफिशचा ओआरबी (कॉर्बाची रनटाईम लायब्ररी) घ्यायचा. वेब सर्व्हिसवालं डब्ल्यूएसइम्पोर्टही त्याच झटक्यात गेलं, तिथे अपाचे सीएक्सएफचं डब्ल्यूएसडीएलटूजावा कामाला येतं.

फाईल वाचून काहीतरी वेगळं बनवायचं असेल तर मी ओम्नीआयडीएल सुचवेन आणि मनापासून सुचवेन. त्याचा पार्सर सी प्लस प्लसमध्ये आहे पण बॅकएंड पायथनमध्ये लिहायचे असतात, म्हणजे तुम्ही एक छोटं पायथन मॉड्यूल लिहायचं, त्यात रन नावाचं एक फंक्शन, त्याला ट्री आणि आर्ग्युमेंटची यादी मिळते, आणि ओम्नीआयडीएलला मायनस बी देऊन तुमच्या मॉड्यूलचं नाव सांगायचं. इन्क्लूड, टाईपडेफ, नावांची जोडणी हे सगळं आधीच झालेलं असतं, तुम्ही फक्त ट्रीवर फिरायचं. सगळ्या ऑपरेशनची यादी छापणारा बॅकएंड वीस-पंचवीस ओळींत होतो. आणि मायनस ई दिलं की नुसतं प्रीप्रोसेस केलेलं आउटपुट दिसतं, इन्क्लूडचा पाथ चुकलाय का हे बघायला यापेक्षा सोपा उपाय नाही.

डीडीएस असेल तर सायक्लोन डीडीएसचं आयडीएलसी आणि फास्ट डीडीएसचं फास्टडीडीएसजेन ही दोन नावं आधी बघा, पहिलं सी मध्ये आहे आणि पायथनचाही आउटपुट देतं, दुसऱ्याला चालायला जावा लागतं. रॉस २ वर (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) काम करत असाल तर बहुतेक वेळा हाताने काही शोधावंच लागत नाही, रॉसआयडीएलची पॅकेज डॉट एमएसजी फाईलींना आतल्या आत डॉट आयडीएल करून पुढचं सगळं बघतात.

आता एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. डीडीएसमध्ये कुठलं फील्ड की आहे, म्हणजे कशावरून एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखायची, हे सांगावं लागतं. नव्या पद्धतीत फील्डच्या आधी अ‍ॅट द रेट आणि की असं लिहितात, ते भाषेचाच भाग आहे. पण जुन्या फाईलींमध्ये तेच कमेंटच्या आत लिहिलेलं सापडेल, दोन स्लॅश, लगेच अ‍ॅट द रेट, की, काही ठिकाणी हॅश प्रॅग्मा कीलिस्ट. ही पद्धत न ओळखणारं नवं टूल ती ओळ गपचूप टाकून देतं, एररही येत नाही, कोड छान जनरेट होतो, कंपाईल होतो, आणि की मात्र गायब. मग वेगवेगळ्या सेन्सरचे सँपल एकाच इन्स्टन्समध्ये जाऊन पडतात आणि दोन दिवस कोणालाच कळत नाही. म्हणून जुन्या फाईली असतील तर आधी फोल्डरभर या दोन खुणा शोधून घ्या. उलटंही होतं, नव्या फाईलीतलं अ‍ॅट द रेट जुन्या कॉर्बा कंपायलरला पचत नाही, पण तिथे निदान एरर तरी मिळतो.

विंडोज आणि वेब

मिडल फाईलींना विंडोजवर मायक्रोसॉफ्टचाच कंपायलर आहे, विंडोज एसडीकेसोबत येतो. लिनक्सवर हेडर किंवा टाईप लायब्ररी काढायची असेल तर विडल. आणि नेटवर्कवरचा डीसीई आरपीसी उलगडायचा असेल तर सांबाचं पिडल, ते पर्लमध्ये आहे आणि वायरशार्कचे (नेटवर्कवरचे पॅकेट बघायचं टूल) डिसेक्टरसुद्धा काढून देतं. वायरशार्कमधले या घराण्यातले बरेच डिसेक्टर असेच बनलेत.

वेब आयडीएलला फार शोधाशोध लागत नाही. एनपीएमवर वेबआयडीएल२ घ्या, पार्स केलं की सरळ जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट मिळतात, व्हॅलिडेट करायची आणि परत टेक्स्ट लिहायचीही सोय आहे, वेब प्लॅटफॉर्म टेस्टमध्ये हाच पार्सर वापरतात. आणि फाईली स्पेसिफिकेशनच्या पानांवरून कॉपी करत बसू नका, वेबरेफ प्रोजेक्टने सगळ्या स्पेसिफिकेशनमधली आयडीएल काढून एनपीएम पॅकेजमध्ये ठेवलेली आहे.

प्रोटोबफ आणि थ्रिफ्ट

प्रोटोबफ गूगलने २००८ मध्ये ओपन केलं आणि आज नवीन माणसाला बहुधा हेच भेटतं. इथे कंपायलर ठरलेला आहे, प्रोटोक. खरा प्रश्न प्लगइनचा असतो. प्रोटोक फाईल वाचतो आणि प्रोटोक-जेन डॅश अमुक अशा नावाचा प्रोग्राम पाथमध्ये शोधतो, त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर सगळं पार्स केलेलं देतो आणि स्टँडर्ड आउटपुटवरून तयार फाईली घेतो. बस एवढंच. हे एकदा कळलं की सर्च कसा करायचा हे आपोआप कळतं, प्रोटोक-जेन टाकून पुढे तुम्हाला हवी ती गोष्ट, डॉक, गो, ओपनएपीआय, काहीही. आणि नाही मिळालं तर स्वतःचं प्लगइन कुठल्याही भाषेत लिहिता येतं.

जनरेटर नको, नुसतं ट्री हवं असेल तर प्रोटोकला डिस्क्रिप्टर सेट आउट हा ऑप्शन द्या, सगळी माहिती एका बायनरी फाईलमध्ये मिळते आणि ती फाईल स्वतःच प्रोटोबफ मेसेज असल्यामुळे कुठल्याही भाषेत वाचता येते. सोबत इन्क्लूड इम्पोर्ट्स द्यायला विसरू नका. आणि कमेंट हव्या असतील, डॉक्युमेंटेशनसाठी त्या लागतातच, तर इन्क्लूड सोर्स इन्फो वेगळा द्यावा लागतो, नाहीतर त्या येत नाहीत.

फाईल हरवलीये आणि फक्त बायनरी डेटा आहे अशी वेळ आली तर प्रोटोकचा डिकोड रॉ वापरा, फील्डचे नंबर आणि व्हॅल्यू दिसतात, नावं अर्थातच नाहीत.

टीममध्ये काम करत असाल तर बफ नावाचं टूल पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. लिंट करतं, फॉरमॅट करतं, आणि त्याची ब्रेकिंग नावाची कमांड आधीच्या व्हर्जनशी तुलना करून काय तुटलं ते सांगते. फील्डचा नंबर बदलला की जुने क्लायंट गपचूप चुकीचं वाचतात, तो बदल रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना सहज निसटतो, मशीनला नाही.

थ्रिफ्ट फेसबुकने २००७ मध्ये बाहेर दिलं आणि ते अपाचेकडे गेलं, पण फेसबुकची स्वतःची शाखा एफबीथ्रिफ्ट म्हणून वेगळी वाढली, दोघांची भाषा पूर्ण जुळत नाही, तेव्हा तुमची फाईल कुठल्या घरातली ते विचारून घ्या. अपाचेच्या कंपायलरमध्ये जेसॉन नावाचा एक जनरेटर आहे, तो कोड न काढता फाईलचं वर्णनच जेसॉनमध्ये देतो, नुसतं वाचायचं असणाऱ्यांसाठी तो फार उपयोगी आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतो. पायथनमध्ये थ्रिफ्टपाय२ घेतलं तर जनरेट करायची पायरीच नाही, रन होताना फाईल थेट लोड होते.

ओपनएपीआयसाठी (एचटीटीपी एपीआयचं वर्णन लिहायची पद्धत) ओपनएपीआय जनरेटर, २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनमधून फुटून निघालेलं, तिथूनच सुरुवात करा.

टूल पारखायचं कसं

दोन-तीन टूल हातात आली की त्यांच्या उदाहरणाच्या फाईलींवर चालवून बघू नका, त्या चालणारच. तुमच्या फोल्डरमधली सगळ्यात वाकडी फाईल घ्या. जिच्यात खोलवर इन्क्लूड आहेत, युनियन आहे, सिक्वेन्सच्या आत सिक्वेन्स आहे, कॉन्स्टंटच्या जागी हिशोब लिहिलाय, आणि कोणीतरी देवनागरीत कमेंट टाकलीये. ती नीट गेली तर बाकीच्या जातील. ओएमजी आयडीएल असेल तर नेमिंग सर्व्हिसची कॉसनेमिंग फाईलही चालवून बघा, तिच्यात वर प्रॅग्मा प्रीफिक्स असतं आणि अर्धवट पार्सर ते दुर्लक्षित करतात, मग इंटरफेसचा रिपॉझिटरी आयडी (नेटवर्कवर त्याला ओळखायचं पूर्ण नाव) चुकतो आणि दुसऱ्या बाजूचा सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही.

मुद्दाम चूक करूनही बघा. ओएमजी आयडीएलमध्ये एकाच ठिकाणी नुसत्या कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन नावं चालत नाहीत, प्रोटोबफमध्ये १९००० ते १९९९९ हे फील्ड नंबर वापरता येत नाहीत. टूलने इथे एरर द्यायलाच हवा, आणि तो वाचून माणसाला फाईल आणि ओळ कळायला हवी. निमूटपणे सगळं स्वीकारणारं टूल घेऊ नका.

शेवटचा रिलीज कधीचा, इश्यूंना उत्तरं येतात का, हे बघाच, पण जुन्या बोलीसाठी थोडं सांभाळून घ्या, जी भाषा दहा वर्षं बदललेली नाही तिच्या पार्सरलाही दर महिन्याला रिलीजची गरज नसते.

निवड झाली की टूलचं व्हर्जन बिल्डमध्ये पक्कं लिहून टाका, आणि रनटाईम लायब्ररीचंही, दोन्ही एकत्र. मे २०२२ मध्ये पायथनच्या प्रोटोबफ लायब्ररीचं ४.२१ आलं आणि जुन्या प्रोटोकने काढलेल्या फाईली इम्पोर्ट करतानाच फुटायला लागल्या, डिस्क्रिप्टर थेट बनवता येत नाहीत असा एरर यायचा, ज्यांनी व्हर्जन बांधलेलं नव्हतं त्यांचे बिल्ड एका रात्रीत लाल झाले. तो एरर अजूनही जुन्या प्रोजेक्टमध्ये भेटतो. दिसला तर प्रोटोक ३.१९ किंवा त्यापुढचा घेऊन फाईली पुन्हा जनरेट करा, आणि ते लगेच शक्य नसेल तर तेवढ्यापुरती लायब्ररी ३.२० वर आणून ठेवा.